काठावरचं गाणं

मंगल भवनात त्या रविवारी दुपारी खुर्च्या कमी पडल्या. लोक मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले, बायका पुढे सतरंजीवर सरकल्या. पडद्यावर बावीस वर्षांपूर्वीचं पांढुर्णा उमटलं तसं जो तो आपापली माणसं शोधायला लागला.

"अरे, तो पाह्य आपला संदीप! केस होते त्याले!"

"अन् ते हंडा घेऊन उभी हाय, ते सुशीला होय काय वं?"

'नळ आला' ही मालिका कुठल्या मोठ्या वाहिनीवर कधी लागली नव्हती. अमिताचे वडील, ज्यांना सारं गाव बापूजी म्हणतं, तेव्हा केबल चालवायचे. एक भाड्याचा कॅमेरा, गावातली नऊ माणसं आणि चौकातला सार्वजनिक नळ एवढ्या भांडवलावर त्यांनी अकरा भाग काढले आणि अकरा रविवार सकाळी दहा वाजता केबलवर लावले. पाणी येण्याआधीची भांडणं, पाणी आल्यावरची भांडणं आणि पाणी गेल्यावर उरलेली भांडणं, एवढीच काय ती कथा. पण ते अकरा रविवार चौकात खरंच कुणी भांडलं नाही, कारण सगळे टीव्हीसमोर असायचे. पुढे डिश आली, केबल गेली, कॅसेटी लोखंडी पेटीत गेल्या. पांढुर्णा जिल्हा झाल्यावर जुन्या गावाच्या गप्पा पुन्हा सुरू झाल्या आणि लोक बापूजींच्या मागे लागले की, ते 'नळ आला' आम्हाले घरी पाहायले द्या न.

काम अमिताकडे आलं. ती शाळेत फिजिक्स शिकवायची, आणि बदली पांढुर्ण्याला झाल्यापासून बापूजींजवळच राहायची. दिवाळीच्या सुट्टीत तिनं कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवल्या, चित्र साफ केलं, अकरा भाग पेनड्राइव्हवर भरले. दोनशे पेनड्राइव्ह, प्रत्येक छोट्या डबीत, डबीवर नळाचं चित्र. आज त्यांचं वाटप होतं, आणि त्याआधी पहिले दोन भाग सगळ्यांनी मिळून पाहायचे होते.

पडद्यावर मालिकेचं नाव आलं आणि बासरी वाजू लागली. छान, स्वच्छ बासरी, तिच्याखाली हलका तबला.

"गाणं दुसरं हाय काय?" सतरंजीवरची एक बाई म्हणाली.

"हाव न. ते 'आलं गं पाणी' होतं."

मग पडद्यावर एक जण बादलीसकट चिखलात पडला आणि सगळे हसण्यात गाणं विसरले. सगळे म्हणजे दोघं सोडून. दुसऱ्या रांगेत कडेला सौसरहून आलेले गौतमकाका आणि विजयमालाकाकू बसले होते. काकूंनी गळ्याभोवती रुमाल बांधला होता. त्या पडद्याकडे न पाहता पडद्याशेजारच्या स्पीकरकडे पाहत होत्या. अमितानं ते पाहिलं आणि नजर लॅपटॉपवर नेली, जिथं पाहण्यासारखं काही नव्हतं.

ते 'आलं गं पाणी' विजयमालाकाकूंनी गायलं होतं. त्या काळात सौसर, लोधीखेडा, बोरगाव, कुठंही भीमजयंतीचा कार्यक्रम असला की मंचावर त्या असायच्या आणि ढोलकीवर गौतमकाका. बापूजींनी त्यांना तिथूनच शोधून आणलं. मालिका संपल्यावर तीन वर्षांनी काकूंच्या गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्राला जाणारी एक बारीक नस असते, तिला इजा झाली. गाठ गेली, आवाजही गेला; उरली ती कुजबुज. घरात पहिला मोबाइल आला तो त्यानंतर. मंचावरचं गाणं कुणी टिपून ठेवलेलं नव्हतं. बापूजींनी मालिकेसाठी भरलेली ऑडिओ कॅसेट कुणीतरी ऐकायला म्हणून नेली, ती परत आली नाही. म्हणजे जगात काकूंचा आवाज कुठं असलाच तर तो 'नळ आला'च्या कॅसेटींत होता.

वाटप झालं. गौतमकाका डबी घ्यायला आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, ते गाणं नाई लागलं."

अमितानं उत्तर तयार ठेवलं होतं. किती दिवसांपासून, ते तिलाच ठाऊक. "काका, कॅसेटी फार खराब झाल्या होत्या. गाण्याचा भाग पुसला गेला."

"पूर्ण?"

"पूर्ण." हे तिनं रांगेतल्या साऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं.

काका मागं वळून काकूंकडे पाहायला लागले. काकूंनी ऐकलं होतं. त्यांनी मान हलवली, जशी बस चुकल्यावर माणूस हलवतो तशी, आणि कुजबुजल्या, "चाल मंग. उशीर होईन." जाताना त्यांनी अमिताच्या गालावर हात ठेवला. "मेहनत लय केली तू, अमिता."

त्या हातानं अमिताचं सारं बिनसलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती प्रयोगशाळेत एकटी बसली आणि कपाटातून नोंदवही काढली. कुठल्याही कामाची नोंद ठेवायची तिला सवय होती: काय केलं, किती वेळ लागला, काय निघालं. वहीत सगळं तिच्याच अक्षरात होतं.

बापूजींची युक्ती तिला पहिल्याच दिवशी कळली होती. त्यांच्याजवळ आवाज मिसळायचं यंत्र नव्हतं. पण चांगल्या व्हीसीआरच्या टेपवर आवाजाला दोन जागा असतात: एक चित्राबरोबर, टेपच्या पोटात, दुसरी टेपच्या अगदी काठावर, एक मिलिमीटरची पट्टी. बापूजींनी पोटात संवाद ठेवले आणि काठावर गाणं भरलं. केबलवर लावताना व्हीसीआरचं बटण 'मिक्स'वर ठेवलं की दोन्ही एकत्र ऐकू यायचं. प्रत्येक कॅसेटच्या पाठीवर त्यांनी निळ्या शाईनं लिहूनही ठेवलं होतं: मिक्स.

अमितानं बटण मिक्सवर नेलं होतं. पहिल्या कॅसेटचा काठ बुरशीनं पांढरा पडला होता, आणि काकूंचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा आला. सूर हलत होता, मध्येच बुडत होता. तिनं बटण परत फिरवलं. वहीत लिहिलं होतं: "शीर्षकगीत – ४० मिनिटं प्रयत्न. सोडलं. दुसरं संगीत घेणे." इंटरनेटवर कुणालाही वापरता येईल अशी बासरी मिळाली. ती अकरा भागांवर चढवायला एक दुपार पुरली.

त्याच पानावर, चार ओळी वर: "बापूजींचं निवेदन, भाग १ – एक मिनिट. ट्यूबलाइटची घरघर, खरखर. साफ केलं. ११ तास."

आणि शेवटच्या पानावर: "भाग ११ – बाई नळावर उभी राहून गाते. ओठ हलतात. बासरी."

हे वाक्य तिनं लिहिलं होतं, आणि लिहिताना तिला काहीच वाटलं नव्हतं. त्या प्रसंगाच्या शूटिंगला शेजारी पाण्याची मोटार चालू होती, म्हणून बापूजींनी तिथं कॅमेऱ्याचा आवाज बंद ठेवून गाणं नंतर काठावर भरलं होतं. म्हणजे पोटात तिथं काहीच नव्हतं. आणि त्या दिवशी अकरावी कॅसेट व्हीसीआरमध्ये अडकलीही होती. बुरशी लागलेली टेप अडकली तर यंत्र उघडून चाक हातानं फिरवायचं असतं, हे तिला माहीत होतं. तिनं बोटांनी ओढली होती.

तिनं वही मिटली. कॅसेटी त्याच कपाटात खालच्या खणात होत्या. ओल लागू नये म्हणून तिनं डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या होत्या. काळजी कशी घ्यायची ते तिला येत होतं, हेच तर सगळ्यात वाईट होतं.

तरीही ती गप्पच राहिली असती. बुधवारी गौतमकाकांचा फोन आला. तक्रारीचा नव्हता, उलट मजेचा.

"मॅडम, अकराच्या अकरा भाग पाह्यले. तुमच्या काकूनं तीन दिवसांत संपवले. तिले वाटे, कुठं तरी एखादी ओळ राह्यली असन. अन् शेवटच्या भागात ते सोता नळावर उभी हाय न, तं आमची शिवानी, नात, काय म्हनते? आजी, तू तोंडानं बासरी वाजवे काय?" काका हसले. "सारे हसलो आम्ही."

"काकूपण?"

"ते उठून चहा ठेवाले गेली," काका म्हणाले. मग आवाज उतरवून, "तिच्या डोक्यात भलतंच भरलं हाय, मॅडम. तिले वाटते, गाणं पुसलं नाई, काढलं. मी म्हनलं, ते बापूजीची पोरगी हाय, ते असं करीन काय?"

फोन ठेवून ती ओसरीवर गेली. बापूजी ऊन खात संत्री सोलत बसले होते.

"बापूजी, 'नळ आला'चं गाणं मी बदललं."

"काय बदललं?"

तिनं त्यांच्या कानातलं यंत्र नीट बसवलं आणि पुन्हा सांगितलं. वहीत होतं ते सगळं, क्रमानं.

"म्हणजे परवा ते बासरी होती?"

"हो."

"मले वाटलं विजयमालाच गाऊन राह्यली." ते हातातल्या फोडीकडे पाहत राहिले. "या यंत्रात मले आता बासरी अन् भोंगा एकच लागते, अमू. मी तं मान हलवत होतो. ते दुसऱ्या रांगेतून मले मान हलवताना पाहत होती."

"तुम्हाला माहीत नव्हतं. मी सांगीन त्यांना."

"मले काऊन नाई विचारलं तू?"

याचं उत्तर तिच्याजवळ होतं आणि ते तिला आवडत नव्हतं. विचारलं असतं तर बापूजी म्हणाले असते, थांब थोडी, आधी गाणं नीट करू. म्हणून नव्हतं विचारलं.

"सारं एका दुपारी गायली होती ते," बापूजी म्हणाले. "सौसरहून बसनं आली, तुझ्या आईच्या हातचं जेवली, नळावरचं शूटिंग केलं, अन् दोन गाणे गाऊन पाचच्या बसनं गेली. नाव टाका म्हनून बी नाई म्हनली. मी बी नाई टाकलं." त्यांनी संत्र्याची सालं गोळा केली. "टेपा हायत न?"

"आहेत."

"मंग जाय न. इथं काय उभी हाय?"

शनिवारी ती व्हीसीआरचं खोकं मांडीवर घेऊन सौसरच्या बसमध्ये बसली. वाटेत दोन्हीकडे संत्र्याचे ट्रक भरले जात होते. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय मॅडम, टीव्ही?" तिनं सांगितलं, व्हीसीआर. "चालते काय आता ते?" पाहू, ती म्हणाली.

गौतमकाका स्टँडवर आले होते. घरी काकूंनी जय भीम करून बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. अमितानं पाणी हातातच ठेवलं.

"काकू, गाणं पुसलं नव्हतं. मी खोटं बोलली."

काका काहीतरी म्हणणार होते, काकूंनी हातानं थांबवलं. त्यांची कुजबुज ऐकायला अमिताला पुढं वाकावं लागलं.

"मंग काढलं कोनं?"

"मीच."

"बापूजीनं सांगतलं होतं?"

"नाही. त्यांना माहीतच नव्हतं."

"कोनी म्हनलं काय, त्या बाईचं गाणं कायले पाहिजे म्हनून? खरं सांग. मले सवय हाय ऐकाची."

"कोणीच नाही म्हणलं, काकू. आवाज खराब झाला होता. साफ करायला लय वेळ लागला असता. मले कंटाळा आला."

गौतमकाकांनी मोठा श्वास सोडला. "पाह्य! मी तुले म्हनत नव्हतो? तसं काही नाई म्हनून. नुस्ता कंटाळा होता पोरीचा. होते कधी कधी."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "बापूजी सुरवातीले बोलतेत, नमस्कार मंडळी म्हनून. तो आवाज चांगला होता?"

अमिताला कळलं, प्रश्न कुठं चालला आहे. "नाही. तोही खराब होता."

"त्याले किती वेळ लागला?"

वही पिशवीत होती. ती नसती तरी आकडा पाठ होता. "अकरा तास."

"अन् मले?"

"चाळीस मिनिटं."

आत कुकरची शिट्टी झाली. कुणी उठलं नाही. दुसरी झाली.

"कंटाळा बी आमच्याच पाळीले काऊन येते, मॅडम?" काकू म्हणाल्या.

परवापर्यंत त्या तिला अमिता म्हणत होत्या. अमितानं मान खाली घातली. 'मी तसा विचार केला नव्हता' हे वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं, पण ते वाक्य खरं असूनही उत्तर नव्हतं. विचार केला नव्हता, हेच तर काकू म्हणत होत्या.

"लाव," काकू म्हणाल्या. "आली हायस तं लाव."

तिनं व्हीसीआर टीव्हीला जोडला आणि त्याची दुसरी तार लॅपटॉपला, म्हणजे जे वाजेल ते टिपलं जाईल. बुरशीची टेप जितक्या वेळा चालवावी तितकी झिजते, हे तिनं सांगितलं. काकूंनी अकरावी कॅसेट उचलली. अमिता म्हणाली, "ती नको आधी. सातवी लावू." सातवीचा काठ तिनं काल पहिल्यांदाच तपासला होता. पेटीच्या मध्यभागी असल्यामुळे तिला बुरशी जवळजवळ लागलीच नव्हती. दिवाळीत तिनं पहिलीवरून निकाल दिला होता आणि बाकीच्या दहांचे काठ ऐकलेच नव्हते. वर्गात एका मापावरून निष्कर्ष काढणाऱ्या मुलांना ती उभं करायची.

बटण मिक्सवर गेलं. थोडी खरखर, ढोलकीची थाप, आणि मग:

आलं गं पाणी, आलं गं पाणी,
हंड्यानं हंड्याची सांगितली कहाणी...

भरदार, जरा नाकातला, हसू दाबून गाणारा आवाज. सूर किंचित हलत होता, पण बाई तीच होती. दारात शिवानी येऊन उभी राहिली. "कोन गाऊन राह्यलं?" तिनं विचारलं. गौतमकाकांची बोटं खुर्चीच्या हातावर ढोलकीची थाप धरत होती आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. काकू मात्र हललेल्या नव्हत्या. डोळे बारीक करून, दुसऱ्या कुणाचं गाणं पारखावं तशा त्या ऐकत होत्या.

गाणं संपलं. "दुसऱ्या कडव्यात श्वास चुकला," त्या कुजबुजल्या. "बापूजीले म्हनलं होतं, पुन्हा घ्या. ते म्हने, बस निघून जाईन."

मग त्यांनी अमिताकडे पाहिलं. "मले बी अकरा तास पाहिजे."

"काकू, मी पूर्ण नीट करीन. कितीही लागू दे—"

"कितीही नाई. अकरा. इथं बसून. माह्यासमोर. मी मोजीन."

डिसेंबरचे आणि जानेवारीचे रविवार असे गेले. सकाळी नऊच्या बसनं अमिता सौसरला यायची. काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक भेटीचे तास लिहायला सुरुवात केली: दोन, दीड, दोन. चहाला उठलं तर तेवढा वेळ वजा. जेवायला बसवायच्या, पण तोही वजा. पहिल्या दिवशी अमितानं हलणारा सूर सरळ करायला घेतला आणि अडली. कॉम्प्युटर सूर ओढून जागेवर आणू शकतो, पण मुळात जागा कुठली ते त्याला कुणी सांगायचं? काकूंनी कपाटावरून पेटी उतरवली, धूळ पुसली आणि स्वर दाबला. "हा." पुढच्या शब्दावर दुसरा. "हा. अन् इथं मींड हाय, सरळ नको करू, तुले सारं सरळच लागते." आवाज नसलेली बाई बोटांनी आपलं गाणं गात होती आणि अमिता तिच्या मागून एकेक अक्षर जागेवर ठेवत होती. मॅडमचं अमिता मात्र झालं नाही.

पाचव्या रविवारी, नववा तास संपता संपता, त्या अकराव्या भागाच्या गाण्यावर आल्या. ओळी शीर्षकगीताच्याच, पण चाल वेगळी; हे गाणं एकदाच भरलेलं होतं. दुसरी प्रत कुठंच नव्हती. बुरशी होती, तरी मागच्या चार रविवारांत अमिताचा हात बसला होता. आवाज निघत होता. मग शेवटच्या कडव्याच्या मधोमध काहीच नाही. खरखरही नाही.

"इथं काय झालं?" काकूंनी विचारलं.

अमितानं कॅसेटचं झाकण उघडून दाखवलं. टेपचा वरचा काठ नऊ सेंटिमीटर चुरगळला होता. "टेप सेकंदाला साधारण सव्वादोन सेंटिमीटर सरकते. म्हणजे चार सेकंद. दिवाळीत अडकली होती. मी ओढली."

"निघीन काय?"

"नाही." मग ती घाईनं म्हणाली, "पण भरता येईल. हेच शब्द पहिल्या कडव्यात आहेत. तिथून उचलून इथं लावलं तर कुणाला कळणार नाही. कॉम्प्युटरवर तर आता—"

"तुले कळन का नाई?"

अमितानं लॅपटॉपवरचा हात काढला.

"पुसलं गेलं म्हनली होती न तू मंगल भवनात, साऱ्यांसमोर?" काकू म्हणाल्या. "तेवढं पुसलेलंच राहू दे. बाकीचं खोटं होतं, एवढं तं खरं होईन." त्यांनी पेटीचा भाता बंद केला. "अन् त्याच लोकांसमोर सांग. मी येईन."

जुने पेनड्राइव्ह परत मागवायला अमितानं दोन आठवडे गावभर फिरून दारं वाजवली. दोनशेपैकी एकशे त्रेसष्ट मिळाले. प्रत्येक दारात तिनं कारण सांगितलं. पहिल्या दहा दारांत लांबलचक, मग एका वाक्यात. कुणी म्हणालं, एवढ्यासाठी कायले फिरता मॅडम. अर्चना नावाच्या बाईंनी डबी दिलीच नाही. "मले ते बासरी आवडते," त्या म्हणाल्या. "भांडे घासताना लावते मी." अमितानं वहीत त्यांच्या नावापुढे लिहिलं: दिली नाही. बासरी आवडते.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी मंगल भवनात पुन्हा सतरंजी पसरली. या वेळी माणसं निम्मीच होती. बापूजी पहिल्या रांगेत, कानातलं यंत्र नीट बसवून. काकू दुसऱ्या रांगेत, कडेला, त्याच खुर्चीवर. अमितानं माइक घेतला. 

"मागच्या वेळी मी म्हणाले होते की गाणं टेपवरून पुसलं गेलं. ते खोटं होतं. गाणं होतं. माझ्या वडिलांचा एक मिनिटाचा आवाज साफ करायला मी अकरा तास दिले, आणि हे गाणं चाळीस मिनिटांत सोडून दिलं. ते विजयमालाबाईंनी गायलं आहे. त्यांचं नाव तेव्हाही टाकलं नव्हतं, आता टाकलं आहे. आता अकरावा भाग लावते. त्यातल्या गाण्यात एका जागी चार सेकंद आवाज नाही. ती टेप माझ्या हातानं खराब झाली. पेनड्राइव्ह बिघडला असं समजू नका."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवण्यासारखं काही नव्हतंच.

पडद्यावर चौक, नळ, आणि नळाला हात टेकून उभी पस्तिशीची विजयमाला. तिनं तोंड उघडलं आणि तिच्या तोंडातून तिचा आवाज आला. सतरंजीवर कुणीतरी "अवं माय" म्हणालं. बापूजी पुढं वाकले. त्यांना काय ऐकू येत होतं देव जाणे, पण ते मान हलवत नव्हते, बाईच्या ओठांकडे पाहत होते. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. अमिता लॅपटॉपशेजारी उभी होती आणि तिला शेवटच्या कडव्याची भीती दुसऱ्या कडव्यापासूनच वाटत होती.

हंड्यानं हंड्याची...

आणि आवाज गेला. पडद्यावर ओठ हलत राहिले. सबंध मंगल भवन गप्प झालं, आणि त्या गप्पपणात बरीच डोकी पडद्यावरून वळून अमिताकडे आली. तिनं नजर लॅपटॉपवर नेली नाही. दुसऱ्या रांगेच्या कडेला काकू तिच्याचकडे पाहत होत्या, आणि त्यांनी मांडीवरचा हात किंचित उचलून बोटं एकेक करून मिटायला सुरुवात केली होती.

एक. दोन. तीन.

चार सेकंद इतके लांब असतात हे अमिताला कुठल्याही घड्याळानं सांगितलं नव्हतं.